वाळूची पाठ

बाल्टिकला म्हणण्यासारखी भरती-ओहोटी नाही.
वीतभर वर, वीतभर खाली,
झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.
चंद्राचं इथे कोणी ऐकत नाही,
सगळं पश्चिमेच्या वाऱ्याचं चालतं.

एर्डमे शेकायते दर सोमवारी
खुणेच्या काठ्या मोजायला टेकडी चढते.
काठ्या वनखात्याच्या, बूटही खात्याचे,
वही मात्र स्वतःची, तेलकट डागांची;
मागच्या पानांवर मासे धुरावायचा हिशोब.
एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाजण,
मधे ही चिंचोळी पट्टी,
कुणीतरी वाळत घालून विसरलेल्या जाळ्यासारखी.

आधी लाट.
तिरकी चढते, सरळ उतरते,
आणि दर खेपेला कण एकेक टाका
उत्तरेकडे सरकतो. असा किनारा शिवला जातो,
आणि उसवतोही.
हिवाळ्याची वादळं पुळण खरवडून नेतात,
हाकेच्या अंतरावर पाण्याखाली
दांडा घालून ठेवतात.
उन्हाळ्यात शांत लाटा तीच वाळू परत आणून देतात,
थोडी कमी,
शेजारणीने उसनी साखर परत करावी तशी,
वाटीवर बोट फिरवून.

मग वारा.
वाळू कोरडी व्हायचीच वाट बघत असतो.
त्याची उफणणी सुरू झाली
की जड, तांबडे-काळे कण जागीच राहतात, रेघा होऊन,
आणि पांढरे, हलके उडतात.
उडतात म्हणजे किती? घोट्याइतके.
टुणकन उडी, पडता पडता दुसऱ्याला ढुशी,
दुसऱ्याची तिसऱ्याला.
एवढ्याशा धसमुसळेपणावर
एवढा डोंगर चालतो.

गवताचं पातं आडवं आलं
तर त्याच्या आडोशाला मूठभर वाळू बसते.
मुठीची ओंजळ होते, ओंजळीचा उंचवटा.
गवत बुडत नाही.
वाळू चढेल तेवढं तेही चढतं,
जुनी मुळं खाली सोडून देतं.

माणसांना हे जमलं नाही.
टेकडीवरचे पाईन कुणी तोडले
यावर गावात अजून दोन मतं आहेत,
आणि दोन्ही मतांच्या घरांत
तुळया त्याच पाईनच्या आहेत.
झाडं गेली तशी टेकडी सुटली.
वर्षाला सहा पावलं, कधी आठ.
आधी कोबीचा वाफा. मग कुंपण.
मग एका सकाळी दार बाहेरच्या बाजूला उघडेना,
तेव्हा मिकेलिसने ते आतल्या बाजूला उघडणारं करून घेतलं.
त्यावर ते लोक आणखी नऊ वर्षं राहिले.

अखेर घर तुळई-तुळई सोडवून होडीत घातलं,
खाजणाच्या काठाने पुढे नेलं, पुन्हा उभं केलं.
विहीर नेता आली नाही.
मेलेलेही नाहीत.

हे एर्डमेने ऐकलंय, पाहिलेलं नाही.
पाहायला तिला पुढे नव्हे, मागे जावं लागलं,
टेकडीच्या पाठीकडे, समुद्राच्या बाजूला,
जिथून वारा वाळू उचलतो.
कारण डोंगर काही खात नाही, नुसता वरून जातो.
पुढे झाकतो तेवढंच मागे उघडं टाकतो,
फक्त आपल्या सवडीने, चार पिढ्यांनी.

त्या सोमवारी आधी भट्टीच्या विटा दिसल्या.
मग खांबांची एक रांग, माना मोडलेली:
कबरीवरच्या लाकडी पाट्या,
नावं वाऱ्याने घासून गुळगुळीत केलेली.
मग एक उंबरठा,
मधोमध झिजलेला, आणि बिजागरी
आतल्या बाजूला.

तिने वहीत लिहिलं:
काठी चौदा, सहा पावलं चार बोटं.
बाकी काही लिहिलं नाही.
दुसरीकडे गेलेल्या घराच्या दारात
थोडा वेळ उभी राहिली.
आत वाळू, बाहेर वाळू,
तरी पाऊल टाकण्याआधी
तिने बूट उंबरठ्यावर आपटून झटकले,
आधी डावा,
मग उजवा.